स्वस्तातली रायफल आणि तिचे परीक्षक

माझ्या नवऱ्याने आयुष्यभर वस्तू नापास करण्याचा पगार घेतला. शिकागोबाहेर, आम्ही राहतो त्या शॉमबर्गजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी होती, तिथे तो तीस वर्षं क्वालिटी विभागात होता. भाग उचलायचा, मापायचा, बसत नसला तर लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवायचा. निवृत्त झाला तेव्हा कंपनीने त्याला घड्याळ दिलं. ते त्याने आठ दिवस फोनच्या वेळेशी ताडून पाहिलं आणि मागे पडतं म्हणून ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. समोर मी त्याला अहो म्हणते. लिहिताना तो म्हणते, कारण लिहिताना तो समोर नसतो, आणि हे सुख मला बऱ्याच उशिरा मिळालं आहे.

घरातही लाल चिठ्ठ्या होत्याच, फक्त त्या दिसत नसत. आमच्या एकुलत्या एका मुलीने दुसरीत असताना शाळेत मातीचं भांडं केलं आणि छातीशी धरून घरी आणलं. याने ते ओट्यावरच्या ग्रॅनाइटवर ठेवलं, एका बोटाने हलवलं आणि म्हणाला, छान आहे, पण बूड सपाट नाही. भांडं डुगडुगत होतं हे खरंच होतं. त्याचं कायम असंच असायचं. बोलायचा ते खरं असायचं आणि ऐकणाऱ्याचा चेहरा पडायचा.

ती मुलगी मोठी झाली, शिकागोच्या एका उंच इमारतीत चांगल्या नोकरीला लागली, आणि तिशी ओलांडल्यावर एका रविवारी जेवायला येऊन म्हणाली की तिने राजीनामा दिलाय. विस्कॉन्सिनमध्ये छोटं शेत घेतलंय. शेळ्या पाळणार, चीज करून बाजारात विकणार. नवरा भात कालवायचा थांबला आणि म्हणाला, शेळ्याच वळायच्या होत्या तर मी व्हिसा कशाला काढला. त्यानंतर तीन वर्षांत तो तिच्या शेतावर दोनदा गेला, आणि दोन्ही वेळा गाडीला टेकून उभा राहिला, बुटांना चिखल लागेल म्हणून.

मी मात्र तिच्या बाजूची. हे सगळ्यांना माहीत होतं, कारण मी सगळ्यांना सांगत होते. आवडीचं काम करायला हिंमत लागते, असं मी मैत्रिणींना ऐकवायचे. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं की मुलगी काय करते, तर 'फूड इंडस्ट्रीत आहे' म्हणायचे. शेळी हा शब्द मी त्या हॉलमध्ये तीन वर्षांत एकदाही उच्चारला नाही. आणि मनातून मला ती परत हवी होती, अर्ध्या तासाच्या अंतरावर, गुरुवारी डबा नेऊन देता येईल अशी. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. चांगलं दिसायचं काम माझ्याकडे होतं आणि वाईट बोलायचं काम तो फुकटात करत होता.

मागच्या सप्टेंबरात तिचा फोन आला. कोयोटी दोन शेळ्या घेऊन गेले होते. कोयोटी म्हणजे कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान, आणि दोघांहून जास्त निर्लज्ज प्राणी. कुंपण वाढवलं, दिवे लावले, रेडिओ चालू ठेवला, तरी ते पहाटे येतच होते. शेजारच्या शेतकऱ्याने सांगितलं, रायफल घे. तिने घेतली. लीव्हरवाली. म्हणजे घोड्याच्या मागे, मुठीखाली एक कडी असते, ती खाली झटकून वर ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि पुढची गोळी आत जाते. दुकानात त्या प्रकारातली सर्वांत स्वस्त होती ती हिने उचलली.

"आई, बाबाला विचारशील का," ती म्हणाली, "तो येऊन एकदा चेक करेल का? म्हणजे क्वालिटी वगैरे. आय डोन्ट नो, मला बरोबर मिळालीय का ते."

मी फोन सरळ नवऱ्याच्या हातात दिला. तीन वर्षांत तिने त्याला पहिल्यांदा काही विचारलं होतं. हा घसा साफ करून म्हणाला, मॉडेल नंबर पाठव.

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. ज्या माणसाने जन्मात टिकलीची बंदूक उडवली नाही, तो जेवताना गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या आट्यांविषयी बोलू लागला. संध्याकाळी बागेत फिरायला जाणारे याचे चार मित्र आहेत, सगळे निवृत्त इंजिनिअर. त्यांची समितीच बसली. त्यातला एक जण नागपुरात कॉलेजात असताना दोन वर्षं एनसीसीत होता, म्हणून तो तज्ज्ञ. दुसरा म्हणाला, थँक्सगिव्हिंगच्या सेलपर्यंत थांबायला हवं होतं. तिसऱ्याने रीसेल व्हॅल्यू विचारली. चौथ्याने डिशवॉशर घ्यायला सात महिने अभ्यास केला होता आणि त्याची बायको त्या काळात हाताने भांडी घासत होती. तो म्हणाला, एक्सेल पाठव, मी फॉर्म्युले टाकून देतो. रायफल आधीच घेऊन झाली आहे, हे कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

एक्सेलमध्ये रकान्यांची रांग होती. धातू, लाकूड, जोड, स्क्रू, नेम धरायची माशी, घोडा, अचूकता. शेवटच्या एका रकान्यावर 'फील' असं लिहिलं होतं. हे काय, मी विचारलं. "हातात घेतल्यावर कसं वाटतं ते," तो म्हणाला. पस्तीस वर्षांच्या संसारात त्याने हा रकाना कुठल्याच गोष्टीसाठी उघडलेला मला आठवत नाही.

तर आम्ही गेलो. साडेतीन तासांचा रस्ता, मागच्या सीटवर व्हर्नियर कॅलिपर, भिंग, टॉर्च, पाणसळ आणि इस्त्री केलेली पांढरी चादर. चादर कशाला, तर पार्श्वभूमी स्वच्छ हवी. मुलीने कपाटाचं कुलूप काढून रायफल आणली, लीव्हर खाली ओढून उघडा ठेवला, आतलं गोळीचं रिकामं घर आधी त्याला दाखवलं, मग मला. वापरात नसताना ती अशीच उघडी ठेवायची, म्हणजे रिकामी आहे हे कुणालाही लांबून दिसतं, असा तिचा नियम होता. नळीचं तोंड कुठल्याही माणसाकडे वळवायचं नाही, हा दुसरा. तिने दोन्ही नियम बापाकडून म्हणवून घेतले. मला ते बघायला फार मजा आली.

मग तपासणी. तो बोलत होता, मी लिहून घेत होते. डाव्या बाजूला लाकूड धातूच्या केसभर वर, उजव्या बाजूला केसभर खाली. दोन स्क्रूंच्या खाचा वाकड्या. पुढची माशी किंचित डावीकडे कललेली. नळीचा काळा रंग एका जागी पातळ. घोडा दाबताना मध्येच कुरकुरतो. लीव्हर जड, भरवशाचा वाटत नाही. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो टॉर्च विझवायचा आणि परत लावायचा. मुलगी हाताची घडी घालून फ्रिजला टेकून उभी होती. हे सगळं रायफलीबद्दल चाललं होतं, पण तिला ते तसं ऐकू येत नव्हतं, आणि मला ते दिसत होतं. मी लिहीत राहिले.

दुपारी मागच्या मोकळ्या जागेत, मातीच्या उंच बांधासमोर, पन्नास यार्डांवर तिने कागदाचं लक्ष्य लावलं. गवताच्या गठ्ठ्यांचं टेबल केलं. पहिल्या पाच गोळ्या नवऱ्याने मारल्या. त्याच्या चष्म्यात वरची काच लांबची आणि खालची जवळची. माशी दिसली की लक्ष्य पुसट, लक्ष्य दिसलं की माशी गायब. शिवाय प्रत्येक गोळीच्या आधी तो डोळे मिटत होता, हे मला शेजारून दिसलं. पाच भोकं थालीपिठाएवढ्या जागेत पसरली. "बॅरल," तो म्हणाला.

मग मुलगी बसली. श्वास सोडला, थांबली, मारली. लीव्हर खाली, वर, थांबली, मारली. पाचही भोकं एका पुरीखाली झाकली जातील एवढ्यात. नवरा कागदापाशी गेला आणि व्हर्नियरने मापू लागला, तेही मिलिमीटरमध्ये, तीनदा. तरी समाधान नाही. हा योगायोग असू शकतो म्हणून त्याने तिला आणखी तीन वेळा पाच-पाच मारायला लावल्या. तिन्ही वेळा तेवढंच माप. शेवटी त्याने माझ्या हातातून वही घेतली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: अचूकता समाधानकारक.

त्याच्या लेखणीतून उतरलेला 'समाधानकारक' म्हणजे काय असतो हे त्याच्या कंपनीतल्या लोकांना माहीत असेल, आणि मला माहीत आहे. तो शब्द त्याने आमच्या लग्नाबद्दलही अजून वापरलेला नाही. पण मुलीला त्याने तोंडाने सांगितलं ते एवढंच: "या किमतीला ठीक आहे. पण लीव्हर भरवशाचा वाटत नाही." तिने 'पण' तेवढा ऐकला. कागद काढला, त्याची गुंडाळी केली आणि शेळ्यांकडे गेली.

तरीही लीव्हर मोकळा करण्यासाठी त्याने सांगितलेलं सगळं तिने केलं. तेल घातलं, रोज संध्याकाळी रिकामी रायफल शंभरदा खालीवर केली, आणि आठवड्याने फोन करून त्याला सांगितलं की आता लोण्यासारखा चालतो. तो म्हणाला, बघू.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. आमच्याकडे या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा असते. अमेरिकेत आल्यापासून मी गाडीची, लॅपटॉपची, शिलाई मशीनची आणि नवऱ्याच्या व्हर्नियरची पूजा करत आले आहे. या खेपेला घरात पहिल्यांदाच खरंखुरं शस्त्र आलं होतं. ते सोडून लॅपटॉपला कुंकू लावत बसायचं हे मला पटेना. झेंडू, नारळ, पाट, पूजेचं तबक, सगळं गाडीत भरून आम्ही पुन्हा साडेतीन तास गेलो.

पाटावर मी तिची दूध काढायच्या यंत्राची नळी ठेवली, चीज कापायची सुरी, खुरं कातरायची कात्री, आणि मध्ये रायफल. मुलीने ती रिकामी करून, लीव्हर उघडा ठेवूनच आणली होती. "आई, त्याला हात लावू नकोस हं," एवढंच म्हणाली आणि धारा काढायला गेली. नवरा कुंकवात काय मिसळलेलं असतं आणि त्याने धातूला गंज चढतो का, यावर बोलू लागला. मी त्याला गप्प केलं. देवाच्या कामात मोजमाप आणू नका म्हटलं. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या. अक्षता मी तुपाचं बोट लावून, कुंकवाने चांगल्या लाल केल्या होत्या. त्या दोन्ही हातांनी, सढळपणे, वरून टाकल्या. मुलीच्या मागची इडापिडा टळू दे म्हणाले, आणि मनातल्या मनात तिला चांगली बुद्धी दे असंही म्हणाले. कुठली बुद्धी ते देवाला माहीत होतं.

आरती झाल्यावर बघते तर ती रायफल तशीच आ वासून पडलेली. देवापुढे ते बरं दिसेना. मी कडी धरून वर ओढली, ती खट्‌कन बसली. मग ओल्या फडक्याने वरचं कुंकू पुसलं. मुलगी परत आली तेव्हा रायफल स्वच्छ, बंद आणि सात्त्विक दिसत होती. मीच ती बंद केली हे मी तिला सांगितलं नाही. तिने लीव्हर एकदा उघडून रिकामी असल्याची खात्री केली आणि कपाटात ठेवली.

दहा-बारा दिवसांनी सकाळी सात वाजता फोन आला. पहाटे कुंपणाशी दोन कोयोटी होते. तिने पहिली गोळी झाडली, ती चुकली. चुकली तरी हरकत नव्हती, दुसरी होती. लीव्हर खाली ओढला आणि तो अर्ध्यावर अडकला, ना खाली जाईना ना वर. ती तिथे उभी राहून त्याच्याशी झटत होती आणि तिच्या डोळ्यांसमोर त्यांनी करडू नेलं. हे करडू आईविना वाढलं होतं. मुलीने त्याला स्वयंपाकघरात, खोक्यात ठेवून बाटलीने दूध पाजलं होतं. पूजेच्या दिवशी ते माझ्या स्वेटरचं बटण चघळत पायाशी बसलं होतं. मला एकदम रडू आलं.

फोन स्पीकरवर होता. नवरा उठला, आत गेला, वही घेऊन आला आणि त्याने वाचून दाखवलं: "लीव्हर भरवशाचा वाटत नाही. मी लिहिलं होतं. मुद्दा नंबर सहा."

 मग मुलगी शांतपणे म्हणाली, "ओके, बाबा. यू वेअर राइट. अबाउट ऑल ऑफ इट." आणि तिने फोन ठेवला.

त्या दिवशी मी त्याला जे काही बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तो परत परत एकच म्हणत होता, पण मी खोटं काय बोललो. खोटं तो खरंच काही बोलला नव्हता, आणि त्याचाच मला संताप आला होता.

दोन दिवसांनी तिचा मला मेसेज आला. एक माणूस रविवारी ट्रेलर घेऊन येणार होता, सगळा कळप नेणार होता. जुन्या ऑफिसात तिने विचारलं होतं, जागा होती. शेत हिवाळ्यानंतर विकेल. मी वाचलं, डोळे पुसले, आणि अर्ध्या तासात तिच्या खोलीत टेप घेऊन पडद्यांची मापं घेत होते. शिरा केला होता, तोही साजूक तुपातला. करडासाठी रडलेली ती मीच आणि गाणं गुणगुणत खिडकी मोजणारी तीही मीच.

शनिवारी आम्ही तिला आवरायला मदत म्हणून गेलो. नवऱ्याचा दुसराही बेत होता. त्याला रायफल बनवणाऱ्यांना तक्रार लिहायची होती, फोटो आणि पुराव्यांसह. शेजारच्या शेतकऱ्याने आतल्या गोळ्या काढून ती रिकामी करून दिली होती, लीव्हर मात्र अजून अर्ध्यावरच लटकत होता. मुलगी गोठ्यात होती. याने जेवायच्या टेबलावर पांढरी चादर पसरली, स्क्रू काढले, टॉर्च तोंडात धरला आणि माझा भुवया कोरायचा चिमटा मागितला. मी समोर बसून तिचे कप वर्तमानपत्रात गुंडाळत होते.

चिमट्यातून तांदळाचा दाणा बाहेर आला. लाल. तेल आणि काजळी लागून चिकट झालेला, पण लाल. त्यामागून दुसरा, मोडलेला. मग झेंडूच्या पाकळीचा वाळका तुकडा. त्याने तिन्ही वस्तू एका कागदावर ओळीने ठेवल्या. मग लीव्हर ओढला. खाली, वर. खाली, वर. एखादं लहान मूल जिन्यातल्या दिव्याचं बटण दाबत बसतं तसा तो ते करत राहिला, आणि तो लोण्यासारखाच चालत होता.

आता माझं काय होणार हे मला माहीत होतं. पस्तीस वर्षं मी त्याला चुका काढणारा म्हणून हिणवत आले होते, आणि आता त्याच्यासमोर कागदावर माझी चूक पडली होती, तीही रंगासकट. मी वाट बघितली. त्याने चष्मा काढून पुसला. मग हळू आवाजात म्हणाला, "कारणाच्या रकान्यात काय लिहू?"

मी हातातला कप गुंडाळत राहिले.

"धूळ लिहितो," तो म्हणाला. "शेतावर धूळ असतेच."

तो मला पाठीशी घालत होता. ज्या माणसाने सख्ख्या भावाच्या लग्नात पंगतीतल्या पानांची मांडणी वाकडी आहे म्हणून सांगितलं, तो माझ्यासाठी खोटा रिपोर्ट लिहायला तयार झाला होता. मला ते लागलं, आणि बरंही वाटलं. पण धूळ म्हणजे काय, हेही मला लगेच कळलं. धूळ म्हणजे मुलीने रायफल नीट साफ ठेवली नाही. धूळ म्हणजे करडू तिच्या हलगर्जीपणाने गेलं. रविवारी ट्रेलर येईल, सोमवारी ती आमच्यामागून शॉमबर्गला येईल, मला काहीच करावं लागणार नाही. फक्त गप्प बसायचं, आणि गप्प बसलेली बाई नवऱ्याचं ऐकणारी म्हणून चांगलीच दिसते. मी किती वेळ विचार केला ते सांगायला मला लाज वाटते. दोन कप गुंडाळून झाले, तिसराही झाला.

मग मी तो कागद उचलला आणि गोठ्यात गेले. ती बादली घेऊन शेवटच्या शेळीपाशी बसली होती.

"लीव्हर माझ्यामुळे अडकला," मी म्हणाले. "या अक्षता आत गेल्या होत्या. तू उघडा ठेवला होतास, मी बंद केला आणि तुला सांगितलं नाही. तुझं काही चुकलं नाही. रायफलीचंही नाही."

तिने कागदाकडे बघितलं. इट्स ओके म्हणाली नाही. "बाबाला माहीत आहे?"

"त्यांनीच काढल्या. मला वाचवायला धूळ लिहू म्हणाले."

ती हसली, पण ते हसणं ऐकून शेळीसुद्धा बाजूला सरकली. बोलायला सुरुवात केलीच होती म्हणून मी उरलेलंही बोलून टाकलं. ती परत येणार म्हणून मला आनंद झाला होता. करडू गेल्यावर दोन दिवसांत मी पडदे मोजले होते. तीन वर्षं मी तिच्या बाजूने असल्याचं फक्त म्हणत होते.

तिने बादली खाली ठेवली. "तुम्ही दोघं इथे चेक करायला येता, आई. बाबा मोजतो, तू पूजा करतेस. कारण तुम्हाला वाटतं काहीतरी चुकलेलंच आहे. नुसतं बघायला कोणी येत नाही."

नवरा दारात येऊन उभा होता. बूट चिखलात होते, हे मला आत्ता लिहिताना आठवतं. तेव्हा मी त्याच्या हाताकडे बघत होते, कारण त्यात वही होती आणि मला भीती वाटली की तो मुद्दा नंबर सहा वाचणार.

"रायफल चांगली आहे," तो म्हणाला. "तू बरोबर निवडलीस. लीव्हरबद्दल मी लिहिलं ते चुकीचं होतं."

"आणि बाकीचं?" मुलीने विचारलं. तिने हाताने गोठा दाखवला, शेळ्या, पलीकडची चीजची खोली, कुंपण. "धिस?"

त्याने वही मिटली. मग म्हणाला, "बाकीचं मी बघितलेलंच नाही."

तिने त्याच्याकडे बघितलं आणि परत धार काढायला बसली. तो दूध संपेपर्यंत तिथेच उभा राहिला. 

रविवारी सकाळी ट्रेलरवाला आला. मुलगी एकटीच फाटकापर्यंत चालत गेली. आम्ही ओसरीवर उभे होतो. कळप देणार नाही, असं तिने त्याला सांगितलं. एवढ्या लांब येऊन तो रिकामा परत जाणार म्हणून कुरकुरत होता आणि काल रात्रीपर्यंत ठरलेलं होतं ते आज बदललं कशाने, असं विचारत होता. "माय पेरेंट्स आर हिअर," ती म्हणाली. त्याने टोपी वर करून आमच्याकडे बघितलं, आणि तिला अगदी मनापासून सहानुभूती दाखवून गाडी वळवली.

आम्ही निघताना ती गाडीपाशी आली. मी परत कधी येऊ विचारलं. "कधीही ये," ती म्हणाली. "फक्त दोघंही रिकाम्या हाताने या."

मागच्या महिन्यात आम्ही गेलो. मुलीच्या घरी काही न घेता गेलेली बाई आमच्या सगळ्या नातेवाइकांत मी पहिलीच असेन. चिवड्याचा डबा घेतला होता, खोटं कशाला बोलू, पण तो मी डिकीतच राहू दिला. नवऱ्याकडे पेनसुद्धा नव्हतं. हातांचं काय करायचं ते त्याला कळेना, म्हणून त्याने ते खिशात घातले, काढले आणि पुन्हा घातले. ओसरीच्या एका खुर्चीचा पाय आखूड होता. तो त्याने बघितला, मी त्याला बघताना बघितलं, आणि तो त्याच खुर्चीवर जाऊन बसला. मुलगी आमच्या शेजारी पायरीवर बसली. समोर शेळ्या चरत होत्या. तासभर आम्ही त्यांच्याकडे बघत होतो, आणि दर पाच मिनिटांनी काहीतरी सुचवायचं माझ्या जिभेवर येत होतं.

"किती आहेत?" शेवटी नवऱ्याने विचारलं.

"मोजू नकोस, बाबा," ती म्हणाली. त्याने मोजल्या नाहीत.